तिसरा पट्टा

बाबांनी पहिला पट्टा पेरला तेव्हा आईला जाऊन तीनच आठवडे झाले होते, आणि मी फक्त हिवाळ्यापुरती घरी आले होते. माझी बॅग मी कॉटखाली सरकवून ठेवली होती. ती तिथे नऊ वर्षं पडून राहील असं कुणी सांगितलं असतं, तर मी निदान तिच्यात डांबराच्या गोळ्या तरी टाकल्या असत्या.

त्याआधी मी जहाजावर होते. सुपीरियर सरोवराच्या टोकाला लोखंडाचं खनिज भरायचं आणि दक्षिणेच्या कारखान्यांत नेऊन ओतायचं, अशी ती लांबलचक जहाजं. त्यातल्या एकावर मी दुय्यम स्वयंपाकीण. पहाटे साडेचारला ओव्हन पेटवायचा, बावीस माणसांची अंडी, बटाटे, सॉसेज. खिडकीतून बघावं तर पाणी आणि पाणीच. विस्कॉन्सिनच्या मध्यावरच्या कोरड्या वाळूत वाढलेल्या मला ते इतकं आवडलं होतं की सुट्टीवर आले की मला झोप यायची नाही.

माझ्या बाबांचं नाव अँब्रोज कुलास. आमच्या भागात सगळ्यांनी खोल विहिरी खणल्या, शेतात गोल फिरणारे पाण्याचे लांब पाइप लावले आणि वाळूतून बटाटा काढला. बाबांनी नाही काढला. आमच्या मागच्या विरळ ओकच्या रानात ल्युपिन नावाचं फुलझाड होतं. दुकानातल्या पाकिटातलं भपकेबाज नव्हे, आमचं इथलं, रानचं, गुडघ्याएवढं, निळं. आई-बाबांनी चाळीस वर्षं त्याची उस्तवार केली. दर तीन-चार वर्षांनी त्यातला एक तुकडा जाळायचा, झुडपं तोडायची, म्हणजे झाडाखाली ऊन पोचतं. बोटाच्या नखाएवढी निळी फुलपाखरं असतात, त्यांच्या अळ्या या एकाच झाडाचं पान खातात. दुसरं पान दिलं तर उपाशी मरतील, पण तोंड लावणार नाहीत. दरवर्षी सरकारी खात्यातली एक बाई ती फुलपाखरं मोजायला यायची आणि बाबा त्या दिवशी दाढी करायचे.

हे ल्युपिन उपटून दुसरीकडे लावता येत नाही. मूळ इतकं खोल जातं की फावड्याने ते तुटतंच, आणि झाड आठवड्यात मान टाकतं. वाढवायचं तर बीपासून. बिया सँडपेपरवर घासायच्या, रात्रभर भिजवायच्या, पेरायच्या आणि वाट बघायची. तीन वर्षं, कधी चार, तेव्हा कुठे फूल.

तर आई गेली त्या नोव्हेंबरात बाबांनी आजोबांच्या बटाट्याच्या जुन्या, पडीक शेतात एक लांब पट्टा पेरला. त्यांचा खुबा तेव्हा नुकताच बदलला होता, म्हणून ते काठीने रेघ ओढत पुढे आणि मी बिया टाकत मागे. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "मार्से, हा पट्टा फुलेपर्यंत थांब. मग तू मोकळी."

"म्हणजे कधी?"

"येतील की फुलं. तीन वर्षांत येतील. फार तर चार."

आमच्या घरात शब्द द्यायची एक रीत आहे. टेबलावरच्या राय धान्याच्या काळ्या पावावर हात ठेवायचा. आजोबांनी पोलंडहून येताना ती आणली की इथेच शोधून काढली कोण जाणे, पण पावावर हात ठेवून दिलेला शब्द कुलासांपैकी कुणी मोडलेला नाही. आईची खुर्ची रिकामी होती. मी हात ठेवला. बाबांनीही ठेवला.

पहिला पट्टा चौथ्या वसंतात फुलला. मी बॅग बाहेर काढली, झटकली. बाबा म्हणाले, "अगं, पण दुसरा कुठे फुललाय अजून?"

"कसला दुसरा?"

माझ्या नकळत दोन वर्षांपूर्वीच पेरला होता, तळ्याच्या बाजूला. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले की वाळूवरचं एकटं ल्युपिन टिकत नाही, फुलपाखरांना एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे, दुसरा नसेल तर पहिला पेरून काय उपयोग. हे सगळं खरं होतं, तेच तर वाईट. मग त्यांना न्यूमोनिया झाला. मग माझा भाऊ नॉर्बर्ट मिलवॉकीहून फोनवर म्हणाला, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, मार्से." निर्धास्त! दर रविवारी पंधरा मिनिटं निर्धास्त असायचा तो. चर्चमध्ये बायका माझा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. प्रत्येक कौतुकासरशी आणखी एक कडी घातल्याचा आवाज मला ऐकू यायचा. मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि तीनशे पोरांना मॅकरोनी वाढू लागले.

दुसरा पट्टा सहाव्या वसंतात फुलला. या वेळी मी आधीच चौकशी केली. तिसऱ्याच्या बिया बाबांच्या पँटच्या खिशात निघाल्या, वॉशिंग मशीनमध्ये खडखडायला लागल्या म्हणून कळलं. तेव्हा मात्र मी शेजारच्या बर्निताला बोलावून घेतलं. बर्निता सत्तरीची विधवा, बाबांबरोबर रोज दुपारी पत्ते खेळणारी आणि त्यांना रोज हरवणारी. तिच्यासमोर मी पाव टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तिसरा आणि शेवटचा," मी म्हटलं. "तो फुलला की मी जाणार. चौथा पेरलात तर मी स्वतः त्याच्यावर नांगर फिरवीन."

"शेवटचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात ठेवला.

"आणि तो फुलेपर्यंत ही जाणार नाही," बर्निता म्हणाली. "दोन्ही बाजू नीट बोला. मागाहून माझ्याकडे भांडत येऊ नका."

मीही हात ठेवला. उरलेल्या बिया मी बर्निताच्या फ्रीजमध्ये ठेवून कुलूप लावायला सांगितलं. फ्रीजला कुलूप नसतं, पण तिला मुद्दा कळला.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की या वर्षीच्या एप्रिलमध्ये रेचा फोन आला. रे म्हणजे आमच्या जहाजावरचा मुख्य स्वयंपाकी, माझा जुना साहेब.

"माझे गुडघे गेले, मार्सेला," तो म्हणाला. "मी उतरतोय. कॅप्टनला मी तुझं नाव सांगितलंय. मुख्य म्हणून. दहा जूनला जहाज सुटतं. एक जूनपर्यंत हो किंवा नाही सांग, नाहीतर ते दुसरा माणूस घेतील. पुढच्या वर्षी नाही विचारणार कुणी. तू आता एक्कावन्नची ना?"

"बावन्न."

"बघ मग."

फोन ठेवला आणि मी सरळ तिसऱ्या पट्ट्यावर गेले. तिसरा वसंत होता त्याचा. पानं आली होती, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, मधोमध दवाचा एकेक थेंब धरून. कळी एकही नव्हती. मी त्या वाळूत उभी राहून झाडांना चक्क शिव्या दिल्या. जहाजावर शिकलेल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र कळ्या आल्या. मोजून अकरा तुरे, अजून हिरवे, मुठी मिटलेले. मी धावत घरात आले आणि बाबांना सांगितलं. ते बटाटे सोलत होते. ते म्हणाले, "यंदाच? लवकर आल्या." आणि सोलत राहिले. मी त्यांच्या टकलाचा मुका घेतला. मला इतका आनंद झाला होता की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलं नाही.

चार दिवसांनी तीन तुरे गायब. नुसते देठ उरलेले.

"हरणं," बाबा म्हणाले. "त्यांना कळ्या फार आवडतात."

ते खरंच आहे. म्हणून मी आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. आंघोळीच्या साबणाच्या वड्या आणल्या, आईच्या जुन्या पायमोज्यांत घातल्या आणि पट्ट्याभोवती खुंट्या ठोकून टांगल्या. साबणाच्या वासाने हरीण लांब राहतं. बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. पायमोज्यांच्या गाठी त्यांनीच मारून दिल्या, एकूण एक.

"घट्ट मारा," मी म्हटलं.

"घट्टच मारतोय," ते म्हणाले.

आठवड्याने आणखी पाच गेले. मागच्या रानातलं ल्युपिन तोवर फुलून निळं झालं होतं. भुंग्यांच्या जाड राण्या एकेका फुलावर बसत होत्या. राणीच्या वजनाने खालची पाकळी दबते, आतला पराग बाहेर येतो आणि तिच्या पोटाला लागतो. हलक्या माशीला ते फूल उघडतच नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं, मी तासन् तास तिथे उभी राहायचे. बाबा शेजारी येऊन काठी टेकायचे. एकदा त्यांनी एका पानाखाली हिरवी अळी दाखवली, तिच्याभोवती मुंग्यांचा पहारा.

"बघ," ते म्हणाले, "मुंग्या तिला एकटी सोडत नाहीत. कोळी आला की अंगावर धावून जातात."

"तिच्या अंगातून गोड पाझरतं ते चाटायला मिळतं त्यांना. मला काय मिळतं, बाबा?"

ते हसले. मीही हसले. आमचं असंच चालायचं, टोमण्यावर टोमणा, आणि मग जेवायला बसायचं.

मेच्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे सगळे कबरस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात. बाबांनी नेहमीप्रमाणे दुकानातून जिरेनियमची कुंडी आणली. बर्निताने नेहमीप्रमाणे टोचलं, "घरी एवढं निळं रान, आणि बायकोला कुंडी?"

"भुंग्यांच्या राणीला या दिवसांत एकटीने घर मांडायचं असतं," बाबा म्हणाले. "तिच्या तोंडचा घास काढून मेलेल्यांना द्यायचा? फूल तोडलं की शेंग गेली, बी गेलं."

आईच्या कबरीवर ठेवायला पहिल्या वसंतात पाद्रीबाबांनी एक तुरा मागितला होता. तोही बाबांनी दिला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी ल्युपिनचं फूल तोडलं नाही आणि कुणाला तोडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी शाळेत निघाले, आणि निम्म्या वाटेवर लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. गाडी वळवली. घरात बाबा नव्हते. मागच्या दारातून पाहिलं तर तिसऱ्या पट्ट्यात, साबणांच्या मधोमध, बाबा गुडघ्यांवर बसलेले.

त्यांना खाली वाकता येत नाही. रोज सकाळी त्यांच्या बुटांच्या नाड्या मी बांधते. मला वाटलं पडले. मी धावले. जवळ गेले तेव्हा दिसलं की डाव्या हातात तीन तुरे आहेत आणि उजव्या हातात बटाटे सोलायचा चाकू.

मी स्वयंपाकीण आहे. कापलेलं आणि ओरबाडलेलं यांतला फरक मला पहिल्या दिवशीच दिसायला हवा होता. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते देठ ओढून तोडतं, चिंध्या होतात. हे देठ तिरके, स्वच्छ कापलेले होते. मी ते पाहिले होते आणि पाहूनही साबण आणायला गेले होते.

"हरणाच्या हातात चाकू कुणी दिला, बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. "मला उठव," ते म्हणाले. "उठता येत नाही."

त्यांना ढकलून द्यावं, पाठ फिरवावी, शाळेत जावं, तीनशे पोरांना मॅकरोनी वाढावी आणि संध्याकाळपर्यंत त्यांना त्या वाळूत बसू द्यावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग मी त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. नऊ वर्षांपूर्वी ते जड होते. आता पिठाच्या पोत्याएवढेही भरले नाहीत.

"आईला एक तुरा दिला नाहीत," मी म्हटलं. "आणि मला अडकवायला अकरा कापलेत."

"एक वर्ष," ते म्हणाले. "एकच वर्ष आणखी, मार्से. मला त्या घरात एकट्याने जेवायची भीती वाटते. मी काही लपवत नाही. भीती वाटते मला."

"बर्निताने सांगितलंय ना, दोन्ही वेळा तिच्याकडे जेवा म्हणून? नॉर्बर्ट खोली द्यायला तयार आहे. तुम्हाला कोण टाकून देतंय?"

"ते जेवण झालं. मी घराचं म्हणतोय. तू वरच्या मजल्यावर चालतेस तेव्हा फळ्या वाजतात."

"आणि मला? मला काय वाटतं ते या नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

मी त्यांना घरात नेलं, खुर्चीत बसवलं, बुटांतली वाळू झटकली. ते तीन तुरे त्यांनी अजून मुठीत धरले होते. मी ते काढून घेतले आणि कचऱ्यात टाकले. मग शाळेत फोन केला की आज येत नाही, आणि वर जाऊन खूप रडले. रागाने रडले. एक कळी शिल्लक नव्हती. पट्टा यंदा फुलणार नव्हता, आणि पावावर माझाही हात होता.

बर्निताला हे कळल्यावर तिने पत्ते आपटले. "जा तू! तो पट्टा काय कोर्टात जाणार आहे? त्याने फसवलं म्हणजे करार संपला."

"त्यांनी चौथा पेरणार नाही असा शब्द दिला होता. तो पाळला. कळ्या कापणार नाही असं कुणी बोललंच नव्हतं."

"तू वकील व्हायला हवी होतीस, गाढवे."

"बर्निताकाकू, मी शब्द मोडून गेले तर जहाजावरच्या प्रत्येक ताटात मला त्यांचं तोंड दिसेल. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय. त्यांना हे ठाऊक आहे, म्हणून तर चाकू चालवला. मी नुसतीच निघून जाणारी असते तर त्यांना कापायची गरजच नव्हती."

तिने आपटलेले पत्ते गोळा केले. मग म्हणाली, "देव करो आणि तुम्हा दोघांना एकाच नरकात टाको. दुसरं कुणी तुम्हाला सहन करणार नाही."

तीन दिवस घरात कुणी बोललं नाही. मी स्वयंपाक करायचे, ते जेवायचे. पानात वाढताना चमचा वाजायचा तेवढाच. माझी खोली, जिना, स्वयंपाकघर, खालची मोरी, परत जिना. मी पावलं मोजली, एकशे बारा भरली. जहाजाच्या स्वयंपाकघरात त्याहून कमी जागा असते, पण तिथे मला कधी कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. एक जूनला सकाळी दहा वाजता रेला फोन करून नाही म्हणायचं, असं मी ठरवलं आणि ते कॅलेंडरवर लिहूनही टाकलं, कारण लिहिलं नसतं तर मी टाळलं असतं.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी खाली आले तर बाबा दारात उभे. कोट चढवलेला, बूट घातलेले, नाड्या सुटलेल्या. पँटचे गुडघे ओले आणि वाळूने माखलेले. एवढ्या सकाळी ते कुठवर जाऊन आले, गुडघ्यांवरून एकटे कसे उठले, हे मी विचारलं नाही. मागचं रान घरापासून अर्धा मैल आहे.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिसरा पट्टा फुललाय."

"बाबा..."

"चल म्हटलं ना."

मी त्यांच्या नाड्या बांधल्या आणि त्यांच्या काठीच्या चालीने मागोमाग गेले. साबणांवर दव होतं. पट्ट्याच्या मधोमध, सगळ्या हिरव्या पानांत, एक निळा तुरा उभा होता. पूर्ण उमललेला, खालपासून वरपर्यंत. थोडा डावीकडे झुकला होता. त्याच्या बुडाशी वाळू ओली होती आणि तिच्यावर अंगठ्याने दाबल्याचे खड्डे होते.

मी तीन पावलांवर थांबले. कुठून तरी एक राणी भुणभुणत आली. एक फूल सोडून दुसऱ्यावर बसली, पाकळी दबली, तिने आपलं काम केलं आणि वरच्या फुलाकडे सरकली. तिला तक्रार नव्हती.

"फुलला ना?" बाबांनी विचारलं. ते दोन पावलं सरकले आणि माझ्या आणि त्या तुऱ्याच्या मध्ये येऊन उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. उजव्या अंगठ्याच्या नखात वाळू होती.

मी वाकले नाही. जवळून पाहिलं असतं तर मला राहावं लागलं असतं.

"फुलला, बाबा," मी म्हटलं, आणि फोन करायला घराकडे वळले.